पेज निवली का?

घोटावड्यात माझ्या खोलीची आणि कुशाबा लोहाराच्या भट्टीची भिंत एकच होती. जत्रांतून लोकनाट्य करणारा आमचा फड मोडला, पायांतले चाळ मी पेटीत ठेवले आणि तिथं राहायला गेले, ते साल एक्याऐंशी असेल. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून घणाचा आवाज आला. एक जड ठोका, दोन हलके, मग जराशी उसंत, पुन्हा एक जड. अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या पायानं ठेका धरला. उठून बघायला गेले, तर ऐरणीमागं साठीचा एक माणूस बसलेला. अंगानं वाळका, मिशा पांढऱ्या, डोक्याला लाल मुंडासं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, घण खाली ठेवला, भट्टीतला एक निखारा दोन बोटांनी उचलला आणि विडीला लावला.

मी किंचाळले.

"काय झालं बाई?"

"अहो, हात!"

निखारा त्याच्या चिमटीतच होता. त्यानं तो परत भट्टीत ठेवला, हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो व्हय? ह्यो कवाच मेलाय."

असा हा माणूस माझ्या आयुष्यात आला. मी जन्मभर राजे, सरदार, सेनापती जवळून पाहिले, पण ते सगळे रात्रीपुरते. दिवसाउजेडी, कुणी बघत नसताना इतक्या थाटात विडी पेटवणारा मी हा एकच पाहिला.

आसपासच्या वाड्यांवरची माणसं नांगराचे फाळ, कोयते, विळे घेऊन त्याच्याकडं येत. काम होईपर्यंत बसत, आणि बसली की त्याच्या हाताच्या गोष्टी सांगत. कुशाबा उकळता चहा चुलीवरून उतरवून तसाच घशात ओततो, हे सांगताना त्यांना फार अभिमान वाटे. त्याच्या तळहाताला भाकरीच्या जुन्या तव्यासारखा रंग आला होता. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग, एकावर एक. ओठ विडीनं जून झालेले. लोखंडानं त्या माणसाचं सगळं अंग वापरून घेतलं होतं म्हणा ना.

घरात बाईमाणूस एकच, सून अनुसया. बायको तुळजाबाई मी यायच्या आधीच वारली होती. मुलगा जयसिंग भोसरीला ट्रकवर होता, बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, सुट्टीला घरी यायचा. अनुसयेला मुलगी झाली आणि आजीचंच नाव तिला ठेवलं, तुळजा. त्यातून मोठी पंचाईत उभी राहिली. कुशाबानं बायकोचं नाव उभ्या जन्मात उच्चारलेलं नव्हतं. आता नातीला हाक काय मारायची? तर तो दुपट्यातल्या त्या पोरीला "म्हातारे" म्हणू लागला. "म्हातारे, झोप आता." "म्हातारे, दात कुटं हायेत तुझं?" आणि दात नसलेली ती म्हातारी खदखदून हसायची.

पोर दीड वर्षाची झाली तेव्हा अनुसयेला पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात काम मिळालं. बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. सकाळी फाट्यावर टेम्पो येई, संध्याकाळी सोडी. कामाला जायची तिला हौस होती, आणि ती हौस लपवताही येत नव्हती. आदल्या संध्याकाळी नवी केसाची पिन लावून तिनं मलाच विचारलं होतं, "बाई, बरी दिसते का वो?" पोरीला कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न होता. कुशाबा म्हणाला, "मी हाय की. मला का हात न्हाईत?"

आणि त्यानं सांभाळली. भट्टीपुढं राखेची एक जाड रेघ ओढली आणि पोरीला शिकवलं की रेघेच्या अलीकडं यायचं नाही. पोर रेघेशी येऊन उभी राही, पायाचा अंगठा रेघेला लावी आणि आजोबाकडं पाही. तो नुसती भुवई उचले. की अंगठा मागं. आमच्या फडात एवढं ऐकणारा एक नट असता तर फड मोडला नसता.

घोटाळा झाला तो पेजेत.

पौषातली थंडी होती. अनुसया सकाळी नाचणीची पेज शिजवून, गूळ-दूध घालून ठेवून जायची. दुपारपर्यंत ती गार गोळा होई. कुशाबा भांडं भट्टीच्या कडेला निखाऱ्यांवर ठेवून ती कोमट करायचा. इतके दिवस नीट जमलं होतं. त्या दिवशी कुणाचा तरी फाळ ऐरणीवर होता, भाता जोरात चालला होता, आणि पेज कोमट न होता रटरटली. वाटीत ओतली तर वरती साय धरल्यासारखा थर आला आणि वाफ आतच कोंडली. कुशाबानं आपलं बोट त्यात खोल बुडवलं. बोटाला काही कळलं नाही. कळणार कुठून? निखारा उचलणारं ते बोट.

"गार हाय, म्हातारे," म्हणून त्यानं चमचा तिच्या तोंडात घातला.

ती किंकाळी मी भिंतीपलीकडून ऐकली आणि तांब्या घेऊन तशीच धावले. पोरीच्या तोंडात पाणी घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. ओठाला आतून फोड आला होता, जिभेचा शेंडा लाल झाला होता. कुशाबा वाटी हातात धरून उभा. पुन्हा पुन्हा बोट पेजेत बुडवत होता आणि बोटाकडं बघत होता.

"गार हाय वो बाई," तो म्हणत होता. "बगा की. गारच हाय."

मी बोट लावलं आणि झटक्यानं काढून घेतलं.

पौडच्या डॉक्टरनं सांगितलं, घाबरायचं कारण नाही, थोड्या दिवसांत भरून येईल. जांभळं औषध लावलं. संध्याकाळी टेम्पोतून उतरून अनुसया दारात आली, तर तिच्या पोरीचे ओठ जांभळे आणि डोळे सुजलेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोर उचलली, पदराखाली घेतली, आणि सगळं ऐकून झाल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मामंजी, तुमची चूक न्हाई. पण तुमच्या हाताला कळत न्हाई, त्याला तुमी तरी काय करणार? बेस्तरवारी हे आले की हिला ताम्हिणीला आईकडं ठेवून येतो. पाच वर्सांची हुईस्तवर राहील तितं."

दुसऱ्या दिवशी अनुसयेनं खाडा केला आणि पोर स्वतःजवळ ठेवली. भिंतीपलीकडून मला ठोके ऐकू येत होते. एक जड, एक जड, एक जड. मधले हलके ठोके तो विसरून गेला होता.

दुपारी तो माझ्या दाराशी आला. आत येणं त्याच्या रीतीत नव्हतं. उंबऱ्याबाहेर बसला.

"बाई, फडात बाया पोरं घिऊन यायच्या न्हवं?"

"यायच्या की. पडद्यामागं झोळ्या टांगलेल्या असायच्या."

"त्यास्नी खायाला घालताना कसं बगायच्या, गार हाय का न्हाई ते?"

"ओठाला लावायचं. किंवा मनगटावर आतल्या बाजूला थेंब टाकायचा."

तो उठला, घरातून वाफाळतं दूध घेऊन आला, आणि माझ्या ओसरीवर त्याच्या अंगाची तपासणी सुरू झाली. मनगटावर थेंब टाकला. काही नाही. कोपराच्या लवणीत टाकला. "जरा वल्लं लागतंय." ओठाला लावलं. काही नाही. जीभ बाहेर काढून जिभेवर टाकलं, चाटलं आणि म्हणाला, "ग्वाड हाय."

शेजारची साळूबाई धुण्याची बादली घेऊन चालली होती. ती थांबली. "काय चाललंय वो बाई? आमच्या कुशाबाला नाटकात घेताय का काय?"

"जा की तुझ्या वाटंनं," कुशाबा म्हणाला.

"न्हाई, जीभ काढून बसलाय म्हनून इचारलं. राक्षसाचं काम आसंल तर मिशा बऱ्या हायेत."

एरवी त्यानं तिला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्यानं जीभ आत घेतली आणि दुधाच्या पेल्याकडं बघत राहिला. साळूबाईच्याही लक्षात आलं. बादली खाली ठेवून ती त्याच्या शेजारी टेकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पोर न्हेनार म्हनं ताम्हिणीला."

"न्हेतील. माज्यात कायबी जित्तं ऱ्हायलं न्हाई, सगळी सालटं झाली."

दुसऱ्या दिवशी भैरू न्हावी आला. कुशाबाची हजामत नेहमी घरामागं जांभळीखाली व्हायची, सुनेची नजर पडणार नाही अशा जागी. खाली पोतं टाकून तो बसला, मुंडासं उतरवून मांडीवर ठेवलं. मी माझ्या मागच्या दारात तांदूळ निवडत होते. भैरूनं कढत पाण्याचा तांब्या आणला, ओंजळ भरली आणि कुशाबाच्या डोक्यावर रिकामी केली.

"आय आय गं! भाजलं की रं!"

भैरूच्या हातातून तांब्या निसटता निसटता राहिला. "कुशाबा, तू भाजलास?"

"कढत पानी वततुयास अन् वर इचारतुयास?"

"आरं, तू निखारं चघळतुयास! गेल्या खेपेला तर थंडच पानी हुतं म्हनून शिव्या दिल्यास मला!"

हळूच हात वर नेऊन कुशाबानं आपल्या कपाळाला लावला. तेव्हा मी ते कपाळ पहिल्यांदा नीट पाहिलं. भुवयांच्या वर दोन बोटांपर्यंत भट्टीनं भाजलेला काळा तांबूस रंग, आणि तिथून वर एकदम गोरी, मऊ, पातळ कातडी. लहान मुलाच्या तळव्यासारखी. पोरवयापासून मुंडाशाखाली राहिलेली. एक ठिणगी तिच्यावर कधी पडली नव्हती.

"भैरू," तो म्हणाला, "आजून एक थेंब टाक. हितं."

भैरूनं टाकला. कुशाबाचे डोळे मिटले, आणि तो हसायला लागला. "चटका बसतुया," तो म्हणाला. "बाई, आयकलंत का? चटका बसतुया!"

आनंद तेवढ्यापुरता. हजामत उरकून मुंडासं बांधताना त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "हे सुनंला कसं दाखवायचं? बाई, तुमी सांगा तिला, कुशाबाच्या कपाळाला कळतंय म्हनून."

"मी सांगून तिला पटेल होय? करूनच दाखवावं लागेल."

"तिच्या म्होरं बोडका बसू?"

हे आजच्या पोरांना समजायचं नाही. त्या काळी, त्या वयाचा माणूस सुनेसमोर डोकं उघडं करीत नसे. झोपतानासुद्धा तो डोक्याला फडकं गुंडाळायचा. डोक्यावरचं काढायचं ते देवापुढं, न्हाव्यापुढं, नाहीतर मयताला. मोठं माणूस एकाएकी बोडकं दिसलं की बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं, कोण गेलं म्हणून. कुशाबानं आपला सगळा मान त्या सात हात कापडात गुंडाळून ठेवला होता. मी पुन्हा तांदूळ निवडायला लागले. हे धाडस दुसऱ्यानं सांगून होत नसतं.

बेस्तरवार उजाडला. जयसिंग पहिल्या गाडीनं आला होता. मी निरोप द्यायला गेले तेव्हा पोरीचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं, वर तिची लोकरीची टोपी. निघण्याआधी पोरीला खाऊ घालायचं म्हणून अनुसयेनं पेज चुलीवरून उतरवली होती. वाफा निघत होत्या. पोरीला भूक लागली होती आणि ती भांड्याकडं हात करून रडत होती. कुशाबा कोपऱ्यात उकिडवा बसलेला.

"इकडं आण ती वाटी," तो म्हणाला.

"मामंजी, असू द्या. मी घालते."

"जाताना एकदा घालतो. आण."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. जयसिंगनं मान हलवली. वाटी आणि चमचा तिनं सासऱ्यापुढं ठेवला, पण एक हात पोरीच्या दंडावरून काढला नाही.

कुशाबानं दोन्ही हात वर नेले आणि मुंडासं उतरवलं.

"मामंजी!" अनुसया उठूनच उभी राहिली. तोंडावर पदर घेतला. "काय झालं? कोण गेलं?"

जयसिंगही घाबरा झाला. "आबा, काय झालं? कुनाचा सांगावा आला?"

"कोन बी न्हाई गेलं. गप बसा." मी इतके प्रवेश पाहिले, तालमीत घोटलेले, टाळ्या घेणारे. पण त्या खोलीत बोडक्या डोक्यानं बसलेल्या त्या माणसाकडं पाहताना मला श्वास घ्यायचं सुचत नव्हतं.

त्यानं चमच्यानं पेज तळापासून ढवळली, चमचाभर घेतली, आणि चमच्याची पाठ आपल्या कपाळाला लावली, त्या गोऱ्या पट्टीवर.

"हाय रं! चटका!"

चमचा वाटीत गेला. अनुसयेनं पदराच्या आडून पाहिलं. तिला काय चाललंय ते अजून उमगलं नव्हतं. कुशाबानं पेज परातीत ओतली, पसरली, हातानं वारा घातला. पोर मोठ्यानं रडत होती. त्यानं घाई केली नाही. पुन्हा ढवळली, पुन्हा चमच्याची पाठ कपाळाला. "आजून कढत हाय, म्हातारे. थांब." कपाळावर एक लाल ठिपका उठला होता. आता अनुसयेचा पदर तोंडावरून खाली आला. तिला कळलं होतं.

पुन्हा वारा, पुन्हा ढवळणं, पुन्हा कपाळ. आता त्याला कोमट लागली असावी, पण त्याचा स्वतःवर भरवसा बसेना. परत ढवळली. परत लावली. डोळे मिटून बसला.

"मामंजी," अनुसया म्हणाली, "द्या की आता. का थिजवून घालताय?"

जयसिंग हसला. कुशाबा हसला नाही. त्यानं चमचा पोरीपुढं धरला, आणि पोरीनं तोंड घट्ट मिटून मान फिरवली. तिच्या ओठांवर अजून जांभळा रंग होता. हा चमचा आणि हा हात तिच्या लक्षात होता.

कुशाबानं चमचा मागं घेतला. काय करावं ते न कळून तो त्यानं पुन्हा आपल्या कपाळाला लावला.

पोर बघत होती. तिनं रडणं थांबवलं. आजोबाचं हे उघडं डोकं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावर चमचा ठेवतात हे तर तिला फारच गमतीचं वाटलं असावं. आईच्या हातातून दंड सोडवून ती दोन पावलं पुढं आली आणि तिनं आपलं कपाळ पुढं केलं.

कुशाबानं चमच्याची पाठ तिच्या कपाळाला अलगद टेकवली. तिनं डोळे मिटले, त्याच्यासारखेच. मग तोंड उघडलं.

परातीतली पेज संपेपर्यंत तसंच चाललं. एकदा त्याचं कपाळ, एकदा तिचं, मग घास. अनुसयेनं मध्येच परातीत बोट लावून पाहिलं आणि हळूच पदराला पुसलं. उठून दाराशी गेली, गाठोड्यावरची लोकरीची टोपी उचलली आणि खुंटीला अडकवली. चुलीकडं तोंड करून तिनं विचारलं, "मामंजी, उद्या पेजंचं पातेलं झाकून ठेवू का उघडं?"

कुशाबा उरलेली पेज बोटानं निपटत होता. त्याचा हात थांबला. म्हणाला, "उघडंच ठिव पोरी. मी निखाऱ्यावर न्हाई ठेवायचा आता. चुलीच्या वैलावर ठेवीन, तितं नुसती धग लागती."

दुसऱ्या दिवशी अनुसया टेम्पोनं कामाला गेली.

त्यानंतर त्या भट्टीवर एक नवीनच रीत पडली. दुपारी कामासाठी बसलेल्या माणसांपैकी कुणी आपणहून म्हणे, "कुशाबा, म्हातारीची वेळ झाली रं." कुशाबा घण ठेवून हात धुई आणि वाटी घेऊन बसे. मुंडाशाला हात घातला की बसलेली माणसं, चांगली मिशीवाली, कोयते घेऊन आलेली माणसं, कुणी न सांगता उठत आणि पाठ फिरवून डोंगराकडं तोंड करून बसत. पहिल्या दिवशी हे कुणी सुरू केलं मला माहीत नाही. साळूबाईसुद्धा तेवढा वेळ पाण्याला जाताना वळसा घालून जायची. मागून चमच्याचा आवाज येई, पोरीचं हसू येई. कुणीतरी डोंगराकडं बघतच विचारी, "पेज निवली का?"

"निवतीया. घाई हाय व्हय?"

"न्हाई. आमास्नी कसली घाई."

मग मुंडासं पुन्हा गुंडाळलं जाई, शेवटचं टोक खोचलं जाई, आणि भिंतीअलीकडं तांदूळ निवडत बसलेल्या मला कुशाबाचा आवाज ऐकू येई, "हां, झालं. फिरा आता इकडं. कुनाचा फाळ हाय?"